संमतीची कसोटी

‘ब्रिटिश जर्नल ऑफ सायकायट्री’ या नियतकालिकात २००५ साली भारतात झालेल्या एका औषधचाचणीचा अहवाल छापून आला. तीव्र उन्मादाच्या, म्हणजे मॅनियाच्या, झटक्यात असलेल्या २९० रुग्णांवर ही चाचणी झाली होती. काही रुग्णांना रिस्पेरिडोन हे औषध मिळाले आणि उरलेल्यांना प्लॅसिबो, म्हणजे दिसायला तशीच पण औषधाचा अंश नसलेली गोळी. हे तीन आठवडे चालले. कोणाच्या वाट्याला काय येणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे तसे ठरले होते आणि ते ना रुग्णाला ठाऊक होते, ना तपासणाऱ्या डॉक्टरला. चाचणीची रीत म्हणून यात वावगे काही नाही, जगभर असेच करतात. पण मॅनियावर गुण देणारी औषधे तेव्हा अनेक वर्षे वापरात होती, लिथियम तर कित्येक दशके. म्हणून पुढच्याच वर्षी मुंबईहून निघणाऱ्या ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’शी संबंधित मंडळींनी आणि इतर काहींनी जाहीर आक्षेप घेतले. उपचार उपलब्ध असताना इतक्या आजारी माणसांना प्लॅसिबोवर का ठेवले, हा एक आक्षेप. आणि दुसरा त्याहून मुळाशी जाणारा: ज्याला मॅनियाचा तीव्र झटका आलेला आहे त्याने संमतीपत्रावर केलेल्या सहीला अर्थ किती?

मॅनियात माणसाची झोप उडते, विचार धावत सुटतात, आपल्याला काहीही शक्य आहे असे वाटू लागते. आपण आजारी आहोत हेच त्याला पटत नाही. अशा माणसापुढे पाच-सहा पानांचे माहितीपत्रक ठेवले तर तो नकार देईलच असे नाही, उलट चटकन होकार देऊन मोकळा होईल. उदासीनतेच्या गर्तेतल्या माणसाचे वेगळेच. त्याला धोका कळतो, पण आपल्या जिवाचे बरेवाईट झाले तरी काय बिघडणार आहे, असे वाटत असल्याने त्या धोक्याचे वजन त्याला जाणवत नाही. स्किझोफ्रेनियात कधी संशय आडवा येतो, कधी लक्ष टिकत नाही, तर कधी सगळे नीट समजते आणि योग्य निर्णयही घेता येतो. थोडक्यात, मानसिक आजार संमतीच्या वाटेत एकाच ठिकाणी अडथळा आणत नाही. तो कुठे आणतो, किती आणतो आणि आणतो की नाही हे माणसागणिक, आजारागणिक आणि एकाच माणसाच्या बाबतीत महिन्यागणिक बदलते. या विषयावरची बहुतेक चुकीची धोरणे ही गोष्ट विसरल्यामुळे झाली आहेत. मला जे म्हणायचे आहे ते एवढेच: संमती देण्याची क्षमता निदानाच्या चिठ्ठीवर लिहिलेली नसते. ती प्रत्येक वेळी तपासावी लागते, कमी पडत असेल तर वाढवावी लागते, आणि ही जबाबदारी सही करणाऱ्याची नसून सही मागणाऱ्याची असते.

इतिहासात या प्रश्नाला दोन सोपी उत्तरे देऊन पाहिली गेली आणि दोन्ही फसली. पहिले उत्तर म्हणजे दारच बंद करणे. दुसऱ्या महायुद्धानंतर न्युरेंबर्गला नाझी डॉक्टरांवर खटला चालला आणि १९४७च्या निकालपत्रात माणसांवरील प्रयोगांसाठी दहा तत्त्वे नोंदवली गेली. त्यांतले पहिलेच तत्त्व असे की सहभागी होणाऱ्याची स्वेच्छेने दिलेली संमती अत्यावश्यक आहे आणि संमती देण्याची कायदेशीर क्षमता त्याच्याकडे असली पाहिजे. ही कडक भाषा का आली हे उघड आहे. जर्मनीत १९४० आणि १९४१ या दोन वर्षांतच मानसिक आजार आणि बौद्धिक अपंगत्व असलेल्या सत्तर हजारांहून अधिक माणसांना पद्धतशीरपणे ठार मारण्यात आले होते. खटल्यात सरकारी पक्षाला मदत करणारे डॉ. लिओ अलेक्झांडर हे स्वतः मनोविकार आणि मज्जाविकारांचे तज्ज्ञ होते. ज्यांना संमती देता येत नाही अशा रुग्णांसाठी वेगळी तरतूद असावी असे त्यांनी आपल्या टिपणात सुचवले होते. न्यायाधीशांनी ती अंतिम तत्त्वांत घेतली नाही. ती तत्त्वे अक्षरशः पाळायची तर तीव्र मनोविकार असलेल्या माणसावर कोणतेही संशोधन करता येणार नाही.

असे दार बंद ठेवण्यात माया दिसते, पण त्याची किंमत रुग्णच मोजतात. उदासीनतेवरच्या बहुतेक औषधचाचण्यांतून आत्महत्येचा धोका असलेले रुग्ण आजवर वगळले जात आले. त्यामुळे ज्यांच्यासाठी उत्तर सर्वांत निकडीचे, त्यांच्याबद्दलच पुरावा तुटपुंजा राहिला. डॉक्टर मग सौम्य आजाराच्या रुग्णांवर मिळालेले निष्कर्ष गंभीर आजाराच्या रुग्णांना लावतात, आणि संमतीही न घेता, नोंदही न ठेवता, प्रत्यक्षात प्रयोगच चालू राहतो. शिवाय संशोधनावर नियम नसतात किंवा ते गैरलागू ठरवले जातात तेव्हा ‘उपचार’ या नावाखाली काय होऊ शकते हे याच क्षेत्राने पाहिले आहे. पोर्तुगालच्या एगाश मोनिश यांनी १९३५ साली मेंदूच्या पुढच्या भागातील तंतू निकामी करण्याच्या शस्त्रक्रिया सुरू केल्या. त्यासाठीचे पहिले रुग्ण लिस्बनच्या मनोरुग्णालयातून आले. तोकड्या निरीक्षणावर ही शस्त्रक्रिया जगभर पसरली, १९४९ साली तिला नोबेल पारितोषिकही मिळाले आणि हजारो माणसे कायमची बधिर होऊन घरी गेली. हे संशोधन आहे असे कोणी म्हटले असते, तर निदान कोणीतरी कोणाला विचारले तरी असते.

दुसरे सोपे उत्तर म्हणजे पालकाची सही. जागतिक वैद्यकीय संघटनेने १९६४ साली हेलसिंकी जाहीरनामा काढला आणि स्वतः संमती देऊ न शकणाऱ्यांच्या वतीने कायदेशीर पालकाला संमती देता येईल अशी वाट मोकळी केली. तत्त्व म्हणून ही वाट आवश्यकच होती. पण सही घरच्यांची आहे म्हणून रुग्ण सुरक्षित आहे, हा समज किती पोकळ असू शकतो ते न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरील विलोब्रुक या संस्थेने दाखवून दिले. बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या या अवाढव्य संस्थेत १९५६पासून डॉ. सॉल क्रुगमन आणि त्यांचे सहकारी मुलांना मुद्दाम काविळीच्या विषाणूची लागण करून अभ्यास करत होते. संस्थेत इतकी गर्दी आणि घाण होती की आज ना उद्या या मुलांना कावीळ होणारच आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. पालकांच्या सह्या होत्या. पण १९६४च्या अखेरीस जागा नाही म्हणून संस्थेने नवे प्रवेश थांबवले आणि जागा शिल्लक राहिली ती काविळीच्या संशोधनाच्या विभागात. मुलाला घरी सांभाळणे अशक्य झालेल्या आईबापांपुढे तो एकच दरवाजा उघडा होता. त्यांनी सही केली ती संशोधनाला नव्हे, प्रवेशाला. या अभ्यासातून काविळीचे दोन वेगळे प्रकार स्पष्ट झाले, हे ज्ञान खरेच मोलाचे आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. मात्र ते ज्ञान ज्यांच्या शरीरातून काढले त्यांना किंवा त्यांच्या आईबापांना ‘नाही’ म्हणण्याची सोय नव्हती, हेही तितकेच खरे आहे.

आपल्याकडचे एक प्रकरण संशोधनाचे नाही, पण या प्रश्नाशी त्याचे थेट नाते आहे. १९९४ साली शिरूरच्या सरकारी संस्थेतील बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलींची गर्भाशये पुण्यात शस्त्रक्रिया करून काढण्यात आली. मासिक पाळीतली स्वच्छता त्यांना राखता येत नाही, असे कारण देण्यात आले. स्त्री संघटनांनी आवाज उठवला आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. इथे पालक कोण होते? ज्या व्यवस्थेवर त्या मुलींना सांभाळण्याचा भार होता, तीच. जिची सोय होणार तिचीच संमती पुरेशी मानली, तर संमती हा शब्द उरतो आणि संरक्षण निघून जाते. नातेवाईक असोत की संस्था, दुसऱ्याच्या वतीने होकार देणाऱ्याला स्वतःचा थकवा असतो, अडचणी असतात, मोफत औषधांची गरज असते, डॉक्टरला दुखवायचे नसते. यात नातेवाइकांना दोष देण्यासारखे काही नाही. वर्षानुवर्षे आजारी माणसाला सांभाळणाऱ्या घराची दमछाक फार खरी असते. पण म्हणूनच त्यांच्या एकट्याच्या सहीवर सगळा भार टाकणे चुकीचे आहे.

मग करायचे काय? इथे गेल्या तीस वर्षांत जमलेला पुरावा फार उपयोगी पडतो. अमेरिकेत पॉल ॲपलबॉम आणि थॉमस ग्रिसो यांनी केलेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९५ साली प्रसिद्ध झाले. रुग्णालयात दाखल असलेल्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांची, उदासीनतेच्या रुग्णांची आणि हृदयविकाराच्या रुग्णांची निर्णयक्षमता त्यांनी सारख्याच कसोट्यांवर तपासली. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांपैकी साधारण निम्मे जण कुठल्या ना कुठल्या कसोटीवर कमी पडले. या आकड्याकडे दोन्ही बाजूंनी पाहायला हवे. निम्मे कमी पडले, म्हणजे सगळ्यांच्या सहीवर डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही. आणि रुग्णालयात भरती करण्याइतका आजार असूनही उरलेले निम्मे सगळ्या कसोट्यांवर टिकले, म्हणजे निदान पाहूनच माणसाला बाद ठरवता येत नाही. उदासीनतेच्या रुग्णांत अडचणीचे प्रमाण बरेच कमी होते, आणि हृदयविकाराने दाखल झालेल्यांतही काही जण कमी पडलेच. ज्यांच्या मनाबद्दल कोणी शंका घेत नाही, अशांनाही संमतीपत्र कळलेले नसते.

ही निर्णयक्षमता म्हणजे नेमके काय, याचे चार भाग या दोघांनी पाडले आणि आज बहुतेक जग तेच वापरते. सांगितलेली माहिती समजणे, ती स्वतःच्या परिस्थितीला लागू आहे हे पटणे, पर्यायांची तुलना करता येणे, आणि आपला निर्णय व्यक्त करता येणे. यांतला दुसरा भाग सर्वांत निसरडा आहे. ‘या अभ्यासात काहींना प्लॅसिबो मिळेल’ हे वाक्य एखादा रुग्ण घडाघडा म्हणून दाखवेल, आणि तरी मनात धरून चालेल की आपल्या डॉक्टरांनी आपल्यासाठी मात्र चांगलीच गोळी निवडली असणार. ॲपलबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीलाच या गैरसमजाकडे लक्ष वेधले होते. संशोधनालाच उपचार समजण्याची ही चूक कर्करोगाच्या रुग्णांतही आढळते. मनोविकारात ती अधिक महागात पडते, कारण इथे उपचार करणारा आणि अभ्यास करणारा डॉक्टर बहुधा एकच असतो आणि रुग्णाचे त्याच्याशी नाते वर्षांचे असते.

आणखी एक निष्कर्ष सर्वसाधारण समजुतीला धक्का देणारा आहे. संमती समजण्याची क्षमता भास किंवा भ्रम यांच्यापेक्षा स्मरणशक्ती, लक्ष आणि विचारांची उभारी यांच्याशी अधिक जोडलेली दिसते. म्हणजे कानात आवाज ऐकू येणारा माणूस अभ्यासाची माहिती नीट समजून घेऊ शकतो, आणि शांत, निमूट बसलेला, कोणाला त्रास न देणारा रुग्ण त्यातले काहीच धरून ठेवू शकत नाही, असे घडते. वॉर्डात पाहून अंदाज बांधणारा माणूस नेमका उलटा निष्कर्ष काढेल. यातच सुधारणेची किल्लीही आहे, कारण स्मरण आणि लक्ष यांना बाहेरून आधार देता येतो. मेरीलँड विद्यापीठातील विल्यम कारपेंटर यांच्या गटाने २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्किझोफ्रेनियाचे रुग्ण पहिल्या चाचणीत निरोगी लोकांच्या मागे पडले. मग त्यांना तीच माहिती पुन्हा, वेगळ्या रीतीने समजावून सांगितली. त्यानंतर त्यांचे गुण निरोगी गटाच्या बरोबरीला आले. आजार तोच, माणसे तीच. बदलले ते समजावणे.

या कामात एका मराठी मुलखात घडलेल्या डॉक्टरचा मोठा वाटा आहे. डॉ. दिलीप जेस्ते यांचे वैद्यकीय शिक्षण पुण्यात झाले आणि मनोविकारशास्त्राचे प्रशिक्षण मुंबईच्या केईएम रुग्णालयात. पुढे ते कॅलिफोर्नियात सॅन दिएगोला गेले आणि अमेरिकन सायकायट्रिक असोसिएशनचे अध्यक्षही झाले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली दहा प्रश्नांची एक छोटी चाचणी तयार केली. सराव झालेल्या माणसाला ती घ्यायला पाच मिनिटेही लागत नाहीत. प्रश्न अगदी साधे आहेत. हा अभ्यास कशासाठी आहे? भाग घ्यायचा नसेल तरी घ्यावाच लागेल का? मधेच बाहेर पडलात तर तुमचे नेहमीचे उपचार चालू राहतील का? या अभ्यासामुळे तुम्हाला इजा झाली तर खर्च कोण करणार? तुम्हाला काहीच फायदा होणार नाही, असे होऊ शकते का? उत्तराला शून्य, एक किंवा दोन गुण. जिथे उत्तर चुकते तो भाग पुन्हा समजवायचा आणि पुन्हा विचारायचे.

ही चाचणी माझ्या मते संमतीपत्रापेक्षा अधिक महत्त्वाची आहे. आपल्या ओपीडीत सर्वसाधारणपणे काय घडते ते डोळ्यांपुढे आणा. बाहेर बाकांवर गर्दी, आत टेबलावर केसपेपरांचा गठ्ठा, समोर रुग्ण आणि त्याच्यामागे उभे असलेले घरचे माणूस. इंग्रजीवरून उतरवलेल्या मराठीतले, समासांनी खच्चून भरलेले माहितीपत्रक. ते वाचून दाखवले जाते आणि शेवटी विचारले जाते, ‘समजलं ना?’ या प्रश्नाला डॉक्टरसमोर बसलेला माणूस ‘हो’ याशिवाय दुसरे उत्तर देत नाही. त्या ‘हो’मधून आदर कळतो, समज कळत नाही. ‘आत्ता मी काय सांगितलं ते तुमच्या शब्दांत सांगा बरं’ असे म्हटले की चित्र पालटते. मग रुग्ण अडखळतो, आणि तो कुठे अडखळतो ते सांगणाऱ्याला दिसते. बहुतेक वेळा दोष वाक्यरचनेत, घाईत किंवा अवघड शब्दांत सापडतो.

भारतातला कायदा या बाबतीत कागदावर तरी बराच पुढे आहे. १९८७च्या मानसिक आरोग्य कायद्यात उपचाराखाली असलेल्या रुग्णावर संशोधन करायचे तर ते त्याच्या थेट हिताचे असावे किंवा स्वेच्छेने दाखल झालेल्या रुग्णाने, किंवा रुग्णाला ती देता येत नसेल तर पालकाने, लेखी संमती द्यावी, एवढी ढोबळ तरतूद होती. २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८पासून लागू झाला आणि त्याच्या चौथ्या कलमाने पायाच बदलला. मानसिक आजार असलेली व्यक्तीही निर्णयक्षम मानली जाते, जर तिला माहिती समजत असेल, परिणामांची जाणीव असेल किंवा आपला निर्णय बोलून, खुणेने वा अन्य मार्गाने कळवता येत असेल. माहिती तिला समजेल अशा भाषेत, गरज पडल्यास चित्रांच्या मदतीने द्यायची आहे. आणि तिचा निर्णय इतरांना चुकीचा वाटतो एवढ्यावरून ती अक्षम ठरत नाही. मला हे शेवटचे वाक्य फार मोलाचे वाटते. नकार दिला की ‘आजारामुळे असे बोलतोय’ आणि होकार दिला की ‘शहाणा आहे’, हा न्याय आपल्याकडे घराघरांत चालतो.

संशोधनाबद्दल या कायद्यात ९९वे कलम आहे. साधी मुलाखत घ्यायची असली तरी मुक्त आणि माहितीपूर्ण संमती हवी. जी व्यक्ती अशी संमती देऊ शकत नाही, पण सहभागाला विरोधही करत नाही, तिच्यावर औषध, मानसोपचार किंवा अन्य प्रकारचा अभ्यास करायचा तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते. प्राधिकरणाने आधी काही गोष्टींची खातरजमा करायची आहे. हे संशोधन संमती देऊ शकणाऱ्यांवर करता येण्यासारखे नाही ना, ते अशाच रुग्णांच्या गरजेचे आहे ना, संशोधकांचे हितसंबंध उघड केले आहेत ना, नैतिकता समितीची मान्यता आहे ना. त्यानंतर रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या संमतीने काम पुढे जाते. ही चौकट चांगली आहे. पण ‘विरोध करत नाही’ या अटीवर मला विश्वास ठेवता येत नाही. तीव्र उदासीनतेत माणूस कशालाच विरोध करत नाही, तेच त्याचे लक्षण असते. काही आजारांत रुग्ण तासन्‌तास हलत नाही की बोलत नाही. आणि मनोरुग्णालयात वर्षानुवर्षे काढलेल्या माणसाच्या अंगवळणी पडलेले असते की विरोध करून काही होत नाही. या तिघांच्या गप्प बसण्याला संमतीच्या जवळपासचे काही मानणे धोक्याचे आहे. प्रतिनिधीची सही असली तरी रुग्णाकडून त्याच्या कुवतीप्रमाणे का होईना, स्पष्ट ‘चालेल’ मिळाले पाहिजे, आणि त्याची चुळबूळ, गोळी थुंकणे, तोंड फिरवणे हे सगळे नकार म्हणून नोंदले गेले पाहिजे.

इथवर समजण्याबद्दल बोललो. पण सगळे समजूनही संमती मुक्त नसू शकते, आणि माझ्या मते यापुढचा खरा लढा इथे आहे. अमेरिकेत मिशिगन राज्यात १९७३ साली एक खटला निकाली निघाला. १९५५पासून डांबून ठेवलेल्या एका माणसाने आक्रमकता कमी करण्यासाठी मेंदूवर प्रायोगिक शस्त्रक्रिया करून घेण्यास संमती दिली होती. त्याला समजत नव्हते असे कोणी म्हणत नव्हते. पण ज्याची सुटका डॉक्टरांच्या मर्जीवर अवलंबून आहे अशाची संमती अशा धोकादायक आणि अनिश्चित प्रयोगासाठी स्वेच्छेची मानता येत नाही, असे न्यायालयाने ठरवले. दरम्यान त्याला डांबून ठेवणेच बेकायदेशीर ठरले, तो मोकळा झाला आणि त्याने आपली संमती मागे घेतली. तीस वर्षांनी मिनेसोटात याच प्रश्नाने एक जीव घेतला. २००३च्या अखेरीस, उपचार पाळले नाहीत तर सक्तीने भरती करू अशा न्यायालयीन आदेशाखाली असलेल्या एका तरुणाला मनोविकारावरच्या औषधचाचणीत घेतले गेले. उपचाराचा डॉक्टरच चाचणीचा प्रमुख होता. आई वारंवार सांगत राहिली की मुलगा बिघडत चालला आहे. मे २००४मध्ये त्याने आत्महत्या केली. २००९ साली तिथल्या राज्याने अशा आदेशाखालील रुग्णांना औषधचाचण्यांत घेण्यावर कायद्याने निर्बंध घातले आणि २०१५ साली राज्याच्या लेखापरीक्षकांनी या प्रकरणात गंभीर नैतिक त्रुटी आणि हितसंबंधांची गुंतागुंत असल्याचे नोंदवले. महाराष्ट्रात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. बरे होऊनही घरचे न्यायला येत नाहीत म्हणून आतच राहिलेल्या रुग्णांचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. अशा माणसाकडे जेवण, औषध आणि सुटकेचा शेरा ज्यांच्या हातात आहे त्यांनीच संमती मागू नये. ती उपचारांशी संबंध नसलेल्या माणसाने मागावी, हा नियम इतका साधा आहे की तो न पाळण्याचे कारण सांगता येणार नाही.

यावर काही आक्षेप येतात आणि ते खोटे नाहीत. संशोधक म्हणतात, प्रत्येकाची चाचणी घ्या, पुन्हा समजवा, वेगळा माणूस नेमा, प्राधिकरणाकडे जा, यात संशोधनच थांबेल. आधीच मनोविकारांवर पैसा कमी, माणसे कमी. प्राधिकरणाबद्दलची तक्रार मला रास्त वाटते. अनेक राज्यांत ती वेळेवर उभीच राहिली नाहीत, आणि ज्या दारावर जायचे ते दारच नसेल तर चांगला अभ्यासही अडतो. त्यावर उपाय म्हणजे प्राधिकरणांना मुदत घालून देणे. दहा प्रश्नांच्या तपासणीबद्दलची तक्रार मात्र मला मान्य नाही. जो अभ्यास रक्ताच्या नमुन्यासाठी, मेंदूच्या स्कॅनसाठी वेळ आणि पैसा काढतो, त्याला काही मिनिटांचे संभाषण जड जाऊ नये. आणि धोका जेवढा कमी तेवढी तपासणी हलकी ठेवता येते. प्रश्नावली भरून घेणे आणि चालू औषध बंद करून प्लॅसिबोवर ठेवणे, यांना एकच माप लावा असे कोणी म्हणत नाही.

दुसरा आक्षेप रुग्णांच्या बाजूने येतो: फक्त आमचीच परीक्षा का? मधुमेहाच्या रुग्णाला कोणी असे प्रश्न विचारत नाही, मग हा भेदभावच नव्हे का? हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो, आणि त्याला एकच प्रामाणिक उत्तर आहे. परीक्षा निदानाला जोडू नका, अभ्यासाच्या धोक्याला जोडा. धोका मोठा असेल तर मधुमेहाच्या रुग्णालाही ‘तुमच्या शब्दांत सांगा’ असेच विचारा. वर सांगितलेला पुरावा पाहता त्याचाही फायदाच होईल. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार भारताने २००७ साली स्वीकारला. कोणालाही त्याच्या मुक्त संमतीशिवाय वैद्यकीय प्रयोगात ओढू नये असे तो करार सांगतो, आणि निर्णय घेण्यासाठी लागणारा आधार पुरवण्याची जबाबदारीही सरकारांवर टाकतो. चाचणी त्या आधाराची पहिली पायरी असेल तर ती अपमान ठरत नाही. ती रुग्णाला दाराबाहेर काढण्यासाठी वापरली, तरच ठरते.

आपल्या समाजात निर्णय एकटा माणूस घेत नाही, घर घेते, असेही म्हटले जाते. हे वर्णन म्हणून खरे आहे. घरचे सोबत असले की रुग्णाला धीर येतो, विसरलेले आठवते, विचारायचे राहिलेले विचारले जाते. हीच मदत कायद्याला अभिप्रेत आहे. पण घराचा निर्णय म्हणजे रुग्ण सोडून बाकीच्यांचा निर्णय असा अर्थ होऊ लागतो तिथे थांबले पाहिजे. आणि ज्याला भेटायला वर्षानुवर्षे कोणी आलेले नाही, त्याच्यासाठी ‘घर’ कोण, याचे उत्तर या युक्तिवादाजवळ नाही.

राहतो तो सुरुवातीचाच पेच. भर उन्मादात असलेल्या माणसाला आज कितीही समजावले तरी आज समजणार नाही, आणि तरीही उन्मादावरचे संशोधन हवे. इथे या आजाराचा स्वभावच मदतीला येतो. मॅनिया येतो आणि जातो. दोन झटक्यांच्या मधल्या काळात हाच माणूस नोकरी करतो, घर चालवतो, निर्णय घेतो. त्या बऱ्या काळात त्याला विचारता येते: पुन्हा झटका आला तर अमुक प्रकारच्या अभ्यासात तुम्हाला घ्यावे का, कोणत्या प्रकारच्या नको, आणि तेव्हा तुमच्या वतीने कोणी बोलावे? २०१७च्या कायद्याने उपचारांबद्दल असे पूर्वनिर्देश लिहून ठेवण्याचा आणि प्रतिनिधी नेमण्याचा हक्क दिलेला आहे. संशोधनाबद्दल मात्र त्यात काही म्हटलेले नाही. ती जोड नियमांतून देता येईल. आणि झटका ओसरल्यावर त्या माणसाला पुन्हा बसवून विचारायला हवे की जे झाले ते पुढे चालू ठेवायचे का. एकदा सही झाली की विषय संपला, ही समजूत याच आजारांत सर्वांत जास्त नुकसान करते.

इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाने सर्वोच्च न्यायालयात केलेल्या याचिकेच्या सुनावणीत २०१३ साली संमतीच्या प्रक्रियेचे ध्वनिचित्रमुद्रण करण्याचा प्रश्न पुढे आला. २०१९च्या औषधचाचणी नियमांनुसार नव्या रासायनिक औषधाच्या चाचणीत असुरक्षित गटातील सहभागींबाबत असे मुद्रण बंधनकारक आहे. चांगले पाऊल आहे. मात्र मान डोलावणाऱ्या माणसाचे चित्रण केले तर हाती मान डोलावल्याचाच पुरावा येतो. त्या चित्रणात रुग्ण किती वेळ बोलला हे नैतिकता समित्यांनी पाहावे, आणि तो बोललाच नसेल तर ती संमती परत पाठवावी.

वाचकांपैकी कोणाच्या घरी मानसिक आजार असेल आणि उद्या अशा अभ्यासासाठी विचारणा झाली, तर लगेच नकार देऊ नका आणि लगेच सहीही करू नका. माहितीपत्रक घरी मागून घ्या. औषधचाचणीत त्याची आणि सही केलेल्या संमतीपत्राची प्रत मिळणे हा सहभागीचा हक्क आहे, आणि चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार व भरपाई हाही. नको म्हटले तर नेहमीचे उपचार चालू राहतील का, हे स्पष्ट विचारा. मग ज्याच्यावर अभ्यास होणार आहे त्याच्याजवळ बसून, त्याला काय समजले आहे ते त्याच्याच तोंडून ऐका. आणि होकार दिला तरी ध्यानात ठेवा की कलम ९९प्रमाणे रुग्णाला किंवा त्याच्या प्रतिनिधीला आपण दिलेली संमती अभ्यास चालू असताना कधीही मागे घेता येते.